कोकणातला आठवडा बाजार: गावठी माल ओळखायचा कसा, घ्यायचा कसा आणि घरी न्यायचा कसा

कोकणातल्या आठवडा बाजारात एकाच रस्त्यावर दोन बाजार भरतात. एक मोठा, ताडपत्र्यांखालचा. तिथे कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदे-बटाटे असतात आणि त्यातला बराचसा माल कोल्हापूर-बेळगावकडून टेम्पोने घाट उतरून आलेला असतो. दुसरा बाजार लहान. आसपासच्या वाड्यांतून पहिल्या एसटीने आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतात. पुढ्यात एक टोपली, त्यात चार-पाच जिन्नस. ते संपले की त्या उठतात आणि परतीची गाडी धरतात.

घाटावरची भाजी वाईट नसते. रोजच्या स्वयंपाकाला ती लागतेच, कोकणातल्या घरांनाही लागते. पण ती पुण्या-मुंबईतही मिळते. टोपलीतला माल मात्र तिथेच आणि तेव्हाच मिळतो. नवखा माणूस नेमका मोठ्या बाजारात रमतो, आणि त्याचं लक्ष टोपल्यांकडे वळेपर्यंत त्या रिकाम्या झालेल्या असतात. मी मुंबई सोडून सिंधुदुर्गात राहायला आले, तेव्हा हे सगळं एकेका मावशीला विचारत शिकले. कोकणात नव्याने राहायला आलेल्यांना, सुट्टीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांना आणि होमस्टेमध्ये उतरून स्वतः चार घास रांधू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. वार आणि वेळ आधी नक्की करा

प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला असतो. मालवणचा सोमवार, सावंतवाडी आणि कणकवलीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार. लहान गावांचे बाजारही असेच वारावर चालतात. तुम्ही उतरलात त्या गावातल्या किराणा दुकानात किंवा एसटी स्टँडवर विचारलंत तर आसपासच्या चार बाजारांचे वार तोंडपाठ सांगितले जातात. सणाच्या आठवड्यात बाजार मागेपुढे होऊ शकतो, म्हणून आदल्या दिवशी एकदा विचारून घ्या.

वेळेला फार महत्त्व आहे. सकाळी साडेसात ते दहा ही टोपल्यांची वेळ. अकरानंतर मोठा बाजार चालूच राहतो, संध्याकाळपर्यंत चालतो, पण गावठी माल तोवर संपलेला असतो किंवा उन्हाने माना टाकलेला. न्याहारी करून निवांत निघण्याचा बेत असेल तर न्याहारी बाजारातच करा.

स्वतःची गाडी असेल तर ती बाजारापासून लांब लावून चालत जा. बाजाराच्या दिवशी अरुंद रस्त्यात गाडी घातलीत की तुमचाही जीव मेटाकुटीला येतो आणि कडेला बसलेल्या बायकांचाही.

२. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं लागत नाहीत, पण पुढच्या वस्तू खरंच लागतात:

– दोन-तीन कापडी पिशव्या आणि एक रुंद तळाची, ताठ बाजूंची पिशवी किंवा टोपली. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि टोपलीवालीकडे पिशवी असेलच असं धरू नका.
– दहा, वीस, पन्नासच्या नोटा. क्यूआर कोड आता पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण रेंज दगा देते, आणि म्हाताऱ्या आजीकडे फोन असला तरी पैसे आले की नाही हे बघणारा नातू घरी असतो. सकाळी सकाळी पाचशेची नोट पुढे केलीत तर तिची आणि तुमची दोघांचीही पंचाईत.
– झाकणाचा एक स्टीलचा डबा, ओल्या काजूसाठी किंवा फणसाच्या गऱ्यांसाठी.
– घट्ट झाकणाची रिकामी बाटली, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घ्यायचं असेल तर.
– जुनी वर्तमानपत्रं आणि एक ओलं करता येईल असं सुती फडकं.
– एप्रिल-मेमध्ये छोट्या बाटलीत खोबरेल तेल. का, ते फणसाच्या ठिकाणी सांगते.

३. पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा

बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा नुसतं चाला. काहीही घेऊ नका. या फेरीत तीन गोष्टी कळतात: आज कुठला माल भरपूर आलाय, त्याचा भाव साधारण काय आहे, आणि टोपल्यावाल्या बायका कुठे बसल्यात. त्या बहुतेक मुख्य रांगेत नसतात. बाजाराच्या शेपटाला, देवळाच्या किंवा बंद दुकानाच्या पायरीशी, स्टँडकडून येणाऱ्या वाटेवर शोधा.

‘गावठी’ हा शब्द बाजारात सगळेच ओरडतात, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर जाऊ नका. खुणा बघा.

एकाच माणसाकडे वीस प्रकारची भाजी रचून ठेवलेली असेल तर ती एका परसातली नाही. गावठी टोपलीत थोडेच जिन्नस असतात आणि ते सगळे एकाच ऋतूतले: लाल भाजीच्या चार जुड्या, दोन पपया, मूठभर लिंबं, एक केळीचा घड, कढीपत्ता. आकार सारखे नसतात. पानांवर कुठे अळीने खाल्लेलं भोक असतं. जुडी रबर बँडऐवजी केळीच्या सोपटाने किंवा गवताच्या काडीने बांधलेली असते. मुळांना लाल माती चिकटलेली असते. कोकणातली जांभ्याची माती आणि घाटावरची काळी माती यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे विचारावं लागत नाही.

आणि तरीही विचारा. ‘खयची गो भाजी?’, म्हणजे ‘कुठली गं भाजी?’, एवढा एक प्रश्न पुरे. जिची घरची आहे ती वाडीचं नाव सांगते, पाणी कुठून शिंपते ते सांगते, सून कशी मदत करते तेही सांगते. जिने विकत आणून विकायला ठेवली आहे तिचं उत्तर एका शब्दात संपतं. मालवणी येत नसेल तर साध्या मराठीत विचारा, कुणी हसत नाही. वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा काकी म्हणा, फार वयस्कर असेल तर आजी. ‘ओ बाई’ म्हणून हाक मारू नका.

अंड्यांचं वेगळं सांगते. गावठी कोंबडीची अंडी लहान असतात आणि टोपलीत एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नाही. काही पांढुरकी, काही फिकट बदामी. सगळी एका मापाची, एकाच गडद तपकिरी रंगाची अंडी गावठी म्हणून समोर आली तर ती पोल्ट्रीची समजा.

४. मापं आणि भाव समजून घ्या

टोपलीकडे वजनकाटा क्वचितच असतो. भाजी जुडीने, फळं नगाने किंवा डझनाने आणि बारीकसारीक माल वाट्याने मिळतो. वाटा म्हणजे गोणपाटावर रचून ठेवलेला छोटा ढीग. तिसरी मिरची, चौथं वांगं आपल्या हाताने बदलायला जाऊ नका. हवं तर तिला सांगा, ती बदलून देते. तांदूळ, कुळीथ, नाचणी अजूनही बऱ्याच ठिकाणी शेर आणि पायलीने मोजतात. चार शेरांची एक पायली. हे आकाराचं माप आहे, त्यामुळे एक पायली तांदूळ आणि एक पायली नाचणी यांचं वजन सारखं भरत नाही. दोन बाजारांतले भाव ताडून बघताना हे लक्षात ठेवा. काजूगर शेकड्याने, म्हणजे नग मोजून मिळतात.

घासाघीस कुठे करावी याबद्दल माझं मत पक्कं आहे. पेटीचे आंबे, सुकी मासळी, मसाले, भांडी, कापड यांत भाव करा, व्यापारी तो धरूनच असतात. टोपलीवालीशी करू नका. पहाटे उठून भाजी उपटून, धुऊन, एसटीचं तिकीट काढून ती आलेली असते, आणि टोपलीभर मालाचे मिळून तिला जे पैसे मिळतात त्यात तिला घरचं तेल-साखर न्यायची असते. तिच्याकडचं सगळंच तुम्हाला हवं असेल तर ‘उरलेलं सगळं घेते, लावून दे’ म्हणा. ती आपणहून भाव कमी करते, वर मूठभर मिरच्या किंवा कढीपत्ता घालते, आणि लवकर घरी जायला मिळालं म्हणून खूशही होते.

फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

५. ऋतू बघून यादी करा, यादी बघून बाजार शोधू नका

इथे थोडं सावकाश सांगते, कारण निम्मा आनंद याच्यात आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजू येतात आणि एप्रिलपर्यंत मिळतात. हे म्हणजे बी कोवळी असतानाच फोडून काढलेले गर. ते महाग का असतात हे एकदा समजून घ्या. काजूच्या टरफलात एक तेलकट चीक असतो आणि तो कातडीला लागला की भाजतं, साल निघते. बाया हाताला राख किंवा तेल लावून एकेक बी चिरतात आणि तिच्यातून गर काढतात. शेकड्याचा भाव ऐकून तोंड वाकडं करण्याआधी तिच्या बोटांकडे बघा. घेताना गर फुगीर आणि ताठ असावेत, सुरकुतलेले किंवा चिकट नकोत. गुलाबीसर साल असलेलेच घ्या. घरी कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवले की साल बोटाने सुटते. सोललेले गर पाण्यात घालून विकत असतील तर वास घेऊन बघा, आंबूस वाटला तर सोडा. टरफलासकट ओल्या बिया स्वस्त मिळतात म्हणून घरी फोडायला आणू नका. सवय नसलेल्याचे हात हमखास उततात.

याच सुमारास फणसाच्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, भाजीसाठी येतात. पिकलेला फणस एप्रिलच्या शेवटापासून. कापा की बरका हे विकणाऱ्याला विचारा, बाहेरून बघून नवख्याला कळत नाही. कापा म्हणजे कडक, सुटे गरे, नुसते खायचे. बरका म्हणजे मऊ, रसाळ, सांदणांचा आणि फणसपोळीचा. मुंबईचे पाहुणे बरक्याला नाक मुरडतात, पण बरक्याच्या रसाची, नारळाच्या दुधाबरोबर खाल्लेली सांदणं (तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड इडल्या) एकदा चाखून बघा. अख्खा फणस घेतलात तर काटे पसरट झालेले, थापटल्यावर पोकळ आवाज देणारा आणि वासाचा बघा. कापताना हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. घरात दोनच माणसं असतील तर गरे काढून विकणारी मावशी गाठा आणि डबा पुढे करा. आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, मागून घ्या, त्या ती टाकत नाही, पण मागितल्या तर देते.

मे महिन्यात करवंदं आणि जांभळं पानाच्या द्रोणात येतात. ती त्याच दिवशी खायची, उद्यासाठी ठेवायची नाहीत. करवंदं काळी कुळकुळीत बघून घ्या, लाल असतील ती लोणच्याला. याच महिन्यात सुक्या मासळीचा बाजार भरतो, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि प्रत्येक घर त्याची बेगमी करतं. सुकट, जवळा, बोंबील, सोडे घेताना हातात घेऊन बघा. कोरडी खडखडीत असावी आणि तिला वाळू नसावी. दमट मासळी पावसाळा काढत नाही.

पाऊस सुरू झाला की टोपल्यांचा रंग बदलतो. पहिल्या पावसानंतर टाकळा, मग फोडशी, कुर्डू, भारंगी. टाकळा फक्त कोवळा घ्या, बोटभर उंचीचा. पानं मोठी झाली की उग्र होतो. फोडशीच्या पातीत खालच्या बाजूला पांढरा कडक भाग असतो, तो काढून टाकायचा. ठाणे, पालघर, रायगडकडच्या बाजारांत जूनमध्ये शेवळं येतात. ती घशाला खाजतात, म्हणून त्यांच्यासोबत काकड किंवा बोंडाऱ्याचा पाला विकायला असतो. तो घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नका आणि कुठला भाग काढून टाकायचा ते तिच्याकडून दाखवून घ्या. अळू आणि तेरं (रानअळू) यांनाही हाच नियम, आंबट घातल्याशिवाय शिजवायचं नाही. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवावे लागतात, पाणी बदलावं लागतं आणि नीट उकडावे लागतात. कच्चे किंवा अर्धे-कच्चे ते विषारी असतात.

फागलां दिसली तर चुकवू नका. घाटावर त्यांना कर्टुली किंवा कंटोळी म्हणतात. हिरवी, काटे मऊ, आतली बी कोवळी अशी घ्या. पिवळट झाली की बी टणक होते.

अळंब्यांबाबत मात्र कडक राहा. रानातली अळंबी चविष्ट असते आणि बाजारात ती काही तासांत संपते, पण विषारी जाती नवख्याच्या डोळ्याला ओळखू येत नाहीत. ज्या घरातली माणसं वर्षानुवर्षं तीच अळंबी तिथूनच काढून स्वतः खातात, त्यांच्याकडून, गावातल्या कुणा जाणत्याला सोबत घेऊन घ्या. तेवढं जमत नसेल तर पुढे चला. स्वतः रानात जाऊन खुडायचा तर विचारही नको.

श्रावणाच्या आगेमागे चिबूड आणि तवसं येतं. चिबूड वासावरून घ्यायचं. तुकडे करून गूळ आणि नारळाचं दूध घालून थोडा वेळ ठेवा, मग खा. तवसं म्हणजे मोठी, जून काकडी. तिचं धोंडास किंवा तवसोळी असं गोडाचं करतात, कोशिंबिरीला लहान काकडी वेगळी मागा. गणपतीच्या आदल्या बाजारात सिंधुदुर्गात माटवीचं सामान येतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती माटवी, आणि तिला बांधायला रानातली फळं-फुलं लागतात: हरणं, तेरडा, कवंडळं, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे. कवंडळ दिसायला लाल, गोजिरवाणं असतं पण खायचं नसतं. मुलं सोबत असतील तर लक्ष ठेवा.

थंडीत भातकापणी झाल्यावर त्याच कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, भाजीचे मळे लागतात. लाल माठ, मुळा, वालीच्या शेंगा, चवळी, वांगी, मिरची. माझ्या मते गावठी भाजीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यांत चांगले महिने, आणि नेमके तेव्हा बाहेरचे लोक फक्त समुद्र बघून जातात. रायगडात याच दिवसांत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजतात, ती पोपटी. अलिबागकडे गेलात तर शेंगांबरोबर पालाही मागा. अलिबागचा पांढरा कांदाही त्याच सुमारास येऊ लागतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे. तो माळेत विणलेला असतो. माळ तशीच टांगून ठेवा, हवा लागली की टिकतो. त्याच हंगामात नवा कुळीथ, नाचणी आणि वालय तांदूळ पायलीने घेऊन ठेवता येतो. कुळीथ घेतलात तर जवळच्या गिरणीत भाजून दळून मागा. पिठीचं, म्हणजे कुळथाच्या पातळ पिठल्याचं, पीठ लगेच तयार.

६. हापूसचा नियम वेगळा

हापूससाठी आठवडा बाजार ही पहिली जागा नव्हे, हे आधीच सांगते. चांगल्या बागेतला हापूस बागेतूनच पेटीने जातो. बाजारात टोपलीत जे खरं रत्न मिळतं ते रायवळ आंबे: घराशेजारच्या जुन्या झाडाचे, लहान, रेषाळ, प्रत्येक झाडाची चव निराळी. ते शहरात सहसा पोहोचतच नाहीत. चोखून खा, रस काढा, नाहीतर नारळ आणि मोहरी वाटून त्यांचं सासव करा. मे महिन्यात मला निवडायला सांगितलं तर मी आधी रायवळ उचलते.

हापूस घ्यायचाच असेल तर पुढचं ध्यानात ठेवा. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी हायवेवर ‘देवगड हापूस’ पाटीखाली परराज्यातला आंबा विकणारे भेटतात. आंबा कुठल्या गावच्या बागेतला आहे हे विचारा आणि शक्य तर बागेत जाऊनच घ्या. हंगाम साधारण मार्चअखेर ते मे. फेब्रुवारीत मिळतो तो थोडा आणि फार महाग, जूनच्या पावसात भिजलेला घेऊ नये.

तयार आंब्याचे देठाजवळचे खांदे भरलेले असतात आणि देठ किंचित खोलात गेलेला दिसतो. कच्चा घेतला तर घरी पाण्यात टाकून बघा; तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. पिकलेला असेल तर देठाशी वास घ्या. बाहेरून एकसारखा पिवळाजर्द, हाताला टणक आणि वास मात्र नाही, असा आंबा घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइड लावून फळं पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे, पण घाईच्या दिवसांत कुणी ना कुणी ते करतं. नैसर्गिक पिकलेल्या हापूसवर कुठे हिरवा, कुठे केशरी असा असमान रंग असतो. सालीला थोडी सुरकुती आली म्हणून फेकू नका, तेव्हाच तो सर्वांत गोड असतो.

पेटीत किती डझन बसतात हे फळाच्या आकारावर ठरतं, त्यामुळे ‘पेटी केवढ्याला’ एवढंच विचारून थांबू नका. डझन किती, फळ केवढं, आणि खालचा थर उघडून दाखवा म्हणा. वरचा थर सगळेच सुंदर लावतात.

कच्चे आंबे घरी आणून भाताच्या पेंढ्यात किंवा कागदात एकाच थरात, देठ वर करून ठेवा. आठ-दहा दिवसांत पिकतात. रोज बघा आणि पिकलेले वेगळे काढा. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवलेला हापूस पुढे नीट पिकत नाही. एखादं फळ बाहेरून उत्तम आणि आत पांढरट, स्पंजासारखं निघालं तर विक्रेत्याला चोर ठरवू नका. तो साका. हापूसमधला हा दोष बाहेरून त्यालाही दिसत नाही.

७. कोकमाची रूपं नीट मागा

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. रातांबा हे झाडावरचं लाल फळ, एप्रिल-मेमध्ये. त्याची सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की झालं आमसूल, म्हणजेच आमटीत घालायचं कोकम. सालांना मीठ लावून सुटलेला रस म्हणजे आगळ. ते खारट-आंबट असतं आणि सोलकढी त्याची होते. साखर घालून केलेलं ते कोकम सरबत किंवा अमृत कोकम, पाण्यात घालून प्यायचं. बियांचं तेल थिजवून केलेली वडी म्हणजे मुठेल; थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात.

दुकानात नुसतं ‘कोकमचा रस द्या’ म्हटलंत की सरबताची बाटली हातात येते आणि घरी गोड सोलकढी होते. म्हणून ‘आगळ’ हाच शब्द वापरा आणि थेंबभर चाखून बघा. जिभेवर गोड लागता कामा नये. सोलकढी करताना आगळ आधी घाला, चव बघा, मग गरज असेल तरच मीठ. आणि ती गरम करायची नाही, नारळाचं दूध फुटतं.

आमसूल मऊ, काळसर-जांभळं आणि एकमेकांना किंचित चिकटणारं असावं. बचत गटांच्या सीलबंद पाकिटांवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख बघा. टोपलीतून सुटं घेत असाल तर यंदाचं की गेल्या सालचं एवढं विचारा. गेल्या सालचं वाईट नसतं, उलट पित्तावर लोक जुनंच शोधतात, पण रंग कमी देतं.

तिरफळं याच बायकांकडे मिळतात. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, घालतात. आतली काळी बी काढून टाकायची, फक्त टरफल वापरायचं.

८. नेताना

पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळून ताठ पिशवीत उभी ठेवा. नारळ आणि आंबे एका पिशवीत नकोत. आगळाची बाटली काठोकाठ भरू नका आणि ती उभीच राहील अशी बसवा. आगळाचा डाग कपड्यावरून जात नाही. पिकलेला फणस आणि सुकी मासळी रेल्वेच्या बंद डब्यात न्यायची असेल तर मासळी दोन थरांत कागद, वर कापड अशी बांधा आणि फणसाऐवजी डब्यात गरे न्या. नारळ घेतानाच कानाशी हलवून पाणी वाजतं का आणि तिन्ही डोळे कोरडे आहेत का ते बघा. ओला किंवा बुरशीचा डोळा असलेला नारळ प्रवासातच नासतो.

९. घरी पोहोचल्यावर पहिल्या तासात

आधी पिशव्या रिकाम्या करा, हात-पाय धुणं नंतर. रानभाजी त्याच दिवशी निवडून ठेवा, दुसऱ्या दिवशी शिजवा, तिसरा दिवस बघू नका. ओले काजू सोलून लगेच वापरायचे नसतील तर तसेच फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर उसळीला येतात. करवंदं, जांभळं संध्याकाळपर्यंत संपवा. आमसूल काचेच्या बरणीत थोडं मीठ भुरभुरून भरा आणि हात कोरडा असेल तरच बरणीत घाला.

आठळ्या धुऊन, वरचा चिकट पापुद्रा काढून सावलीत पूर्ण सुकवा. जुन्या घरांत त्या मातीत किंवा राखेत घोळवून कोपऱ्यात ठेवतात. शहरातल्या घरात कागदी पिशवीत, हवेशीर जागी ठेवल्या तरी पावसापर्यंत राहतात. जूनमध्ये टाकळा आणलात की त्याच्या भाजीत त्या ठेचून घाला, वर ओलं खोबरं.